देवीदासभाऊचा पुकारा

कोर्टातल्या तारखा एकवेळ संपतील, किस्से संपणार नाहीत. मी तालुका कोर्टात बाबू असल्यामुळे माझ्याकडे दोन्हींचा साठा आहे. पण हल्ली कोणी चहा पाजला की मी पाहुण्यांचेच किस्से सांगतो.

पाहुणे म्हणजे आमचं कोर्ट कसं चालतं ते पाहायला आलेल्या एक परदेशी जज मॅडम, त्यांचे सल्लागार साहेब आणि नागपूरची दुभाषी पोरगी. मॅडमच्या देशात हुकूमशाही जाऊन नुकतीच लोकशाही आली. नवी कोर्टं उभारायला बाहेरच्या देशांनी मदत दिली. इमारत दिली, कॉम्प्युटर दिले, हे सल्लागार साहेबही मदतीतच आले. महिनाभरात मॅडमचं कोर्ट उघडणार होतं आणि त्यांना एकच घोर होता, लोक येतील का?

जुन्या राजवटीत कोर्टात नाव पुकारलेला माणूस घरी परतत नसे. नव्या कोर्टात शिपायानं सराव म्हणून एक नाव पुकारलं, तर सगळं अंगण रिकामं झालं.

"एक चप्पल तेवढी राहिली," मॅडम म्हणाल्या. हसावं की नाही, आम्हाला कळेना.

*

आमच्याकडे पुकारा करतो तो शिपाई, रोहण्याचा देवीदासभाऊ. दारात उभा राहून तीनदा नाव घेतो, पार रस्त्यापर्यंत ऐकू जातं. सल्लागार साहेबांनी विचारलं, याचं ट्रेनिंग मॅन्युअल आहे का?

देवीदासभाऊनं खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. साहेबांनी तिचा फोटो घेतला.

*

बांधाच्या केसमधले दोन सख्खे भाऊ पुकारा होऊनही येईनात. देवीदासभाऊ म्हणाला, "थांबा मॅडम, दोघं एकाच टपरीवर चहा पिऊन राह्यले."

मॅडम चकित. "बाहेर भांडत नाहीत?"

"भांडाले आत जागा हाये नं."

*

सल्लागार साहेबांचं मत पडलं की पुकाऱ्याऐवजी स्क्रीन लावावा. देवीदासभाऊनं शांतपणे ऐकून घेतलं.

"लावा नं साहेब. पण स्क्रीन नाव दाखवते, 'भिऊ नको' नाई म्हनत."

दुभाषी पोरीनं ते सांगितलं तेव्हा मॅडमनी विचारलं, तुम्ही बोलावता तर लोक येतात कसे?

"सरकार बलावते तं मानूस पयते. घरचं बलावते तं येते. म्हनून मी नावापुढं भाऊ लावतो, माय लावतो."

मॅडमनी त्याचा आवाज मोबाइलवर भरून घेतला.

*

मागच्या आठवड्यात त्यांच्या कोर्टाच्या पहिल्या दिवसाचा व्हिडिओ आला, खाली दुभाषी पोरीनं मराठी अर्थ लिहिलेला. आम्ही सगळे देवीदासभाऊभोवती जमलो.

त्यांचा शिपाई दारात आला. पहिला पुकारा झाला, दुसरा झाला. झाडाखालची माणसं खाली माना घालून बसलेली. एक म्हातारी उठली आणि बाहेर जायला फाटकाकडे चालू लागली. नाव तिचंच होतं.

शिपायानं घसा खाकरला, तिचं नाव घेतलं आणि पुढं त्यांच्या भाषेत, पण चक्क देवीदासभाऊच्या सुरात म्हणाला, "ये वं माय, भिऊ नको!"

म्हातारी थांबली. वळली. हळूहळू पायऱ्या चढून आत गेली.

आम्ही देवीदासभाऊकडे पाहिलं. त्यानं डोळे पुसले आणि मान हलवली.

"दुसरा पुकारा जरा घाईत झाला."