नंबर दिला म्हणजे दिला

परवा आमच्या ग्रुपवर जुंपली... चुडाव्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या पोरापोरींचा हा व्हॉट्सअॅप ग्रुप. आता सगळ्यांचे केस पिकलेत, पण भांडायची हौस काही पिकली नाही.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नवीन कुणी आलं की जुन्या दोघांनी त्याची हमी द्यायची, मग त्यानं लिहायचं, 'इथलं इथंच राहील', आणि बाकी सगळ्यांनी खाली 'राहील' म्हणायचं. परवा एकानं विचारलं, हा पोरखेळ कशासाठी? ज्याला स्क्रीनशॉट पाठवायचा तो 'राहील' लिहूनही पाठवणारच की...

मुद्दा खोटा नव्हता. मी उत्तर लिहायला घेतलं आणि मला एकदम बाबा आठवले.

बाबा तेव्हा चुडाव्याला स्टेशन मास्तर होते. रुळांची एकच जोडी, येणारी गाडी त्यावरूनच आणि जाणारीही त्यावरूनच. म्हणून गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला फोन करायचा, लाइन मोकळी आहे का विचारायचं.

दोन स्टेशनांमधली लाइन मोकळी असल्याची खूण देणारं यंत्र बिघडलेलं असलं की नुसतं 'मोकळी आहे' चालायचं नाही. सोबत एक गुप्त नंबर द्यावा लागे, प्रत्येक गाडीला वेगळा, आणि समोरच्यानं तो परत म्हणून दाखवायचा. नंबर दिला म्हणजे त्या गाडीतली सगळी माणसं आता तुमच्या शब्दावर निघाली.

मी एकदा विचारलं होतं, आवाज ओळखता की, मग नंबर कशाला? बाबा म्हणाले, "आवाज ओळखीचा हाय म्हनूनच. ओळखीच्या मानसाला आपन नीट इचारत न्हाई."

तो ओळखीचा आवाज शेजारच्या स्टेशनवरच्या देशमुख काकांचा. प्रत्यक्ष भेट क्वचितच, पण फोनवर दोस्ती अशी की नंबर झाला की ज्वारी कशी आहे, पोखर्णीच्या नरसिंहाला कोण कोण जाऊन आलं, सगळं निघायचं... आई म्हणायची, गाड्या उशिरा येतात त्या यांच्या गप्पांमुळं.

मग मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस आले. आम्ही बौद्ध, बाबा उघड उघड नामांतराच्या बाजूचे. देशमुख काका तितकेच उघड विरोधात. एकदा फोनवरच दोघांचं जोरात वाजलं आणि गप्पा बंद झाल्या.

राहिलं ते फक्त कामाचं. लाइन मोकळी, नंबर, परत नंबर, फोन खाली. मी ऑफिसात गेले की दिसायचं, फोन ठेवल्यावर बाबा क्षणभर तिथंच हात ठेवून उभे राहायचे. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

अशातच मी आणि आई मामाकडून परत येत होतो. पॅसेंजर देशमुख काकांच्या स्टेशनवर येऊन थांबली ती हलेचना. पुढं रुळांवर कुणी दगड रचलेत, अशी आवई उठली होती, आणि यंत्रही नेमकं त्याच दिवशी बंद.

लोक उतरून काकांच्या ऑफिसच्या दाराशी जमले. आई माझा हात धरून त्या घोळक्यात मागं उभी राहिली. आत काका फोनवर होते. बाबांनी गँगमन पाठवून लाइन बघून घेतली होती आणि आता नंबर दिला होता. काकांनी तो परत म्हटला आणि फोन ठेवला.

एक जण म्हणाला, "मास्तर, चुडाव्याचा मास्तर तर नामांतरवाला. त्याच्या एका आकड्यावर गाडी सोडायलाव का तुमी?"

आईनं माझा हात इतका दाबला की दुखला.

"सोडायलोय," काका म्हणाले. "त्याचं माझं पटत न्हाई, बोलनं बी बंद हाय. पर नंबर दिल्यावर तो खोटं बोलनार न्हाई."

"तुमचं काय जातंय बोलायला? तुमचं कोन हाय गाडीत?"

काका टोपी घालत बाहेर आले. "माझी लेक हाय," म्हणाले. "परभणीला मावशीकडं निघालीय. चला, बसा."

लोक गाडीत बसले. गाडी हळूहळू निघाली. चुडाव्याला बाबा फलाटावर उभे होते. आम्हाला बघून त्यांनी आधी गाडी पुढं काढून दिली, मग आमच्याकडं आले.

घरी आईनं सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले, जेवलेही नाहीत धड. पुढच्या गाडीच्या वेळी मी त्यांच्यासोबत ऑफिसात गेले. नंबर झाला, परत नंबर झाला... आणि बाबांनी फोन ठेवला नाही.

"देशमुख, लेक गाडीत व्हती म्हनं. सांगायचं की मला."

त्या फोनमधलं बोलणं खोलीभर ऐकू यायचं. "सांगितलं असतं तर तुमी आनखी एकदा लाइन बघायला मानसं धाडली असती," काका म्हणाले. "गाडी उगंच लेट झाली असती."

बाबा हसले. मग घसा खाकरून म्हणाले, "माझी बायको आन् लेक बी त्यातच व्हती."

काकांनी विचारलं, "जेवली का वो पोरगी? का तशीच हाय?" तेवढंच. पण मी बाबांकडं बघितलं तर त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं होतं.

नामांतरावर त्या दोघांचं शेवटपर्यंत पटलं नाही. ज्वारीच्या गप्पा मात्र परत सुरू झाल्या.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच लिहिलं... 'राहील' ही तीन अक्षरं टाइप केल्यानं कुणी प्रामाणिक होत नाही, हे खरंच आहे. पण माणसांचं आपसात बिनसतं, तेव्हा प्रेम आधी निघून जातं. अशा वेळी एखादी कोरडी पद्धत दोघांना धरून ठेवते, त्यांना परत बोलावंसं वाटेपर्यंत. बाबा आणि काका, दोघेही आज नाहीत. त्यांनी एकमेकांना दिलेल्या शब्दावर मी त्या दिवशी घरी पोचले.