बानं घेतलेली शपथ

माझा बा वर्ध्याच्या कोर्टात चपराशी होता. पक्षकारांना पुकारायचं काम त्याच्याकडं. व्हरांड्यात उभं राहून त्यानं ‘अमुक वल्द तमुक, हाजिर हो’ म्हटलं की रस्त्यापलीकडं चहा पीत बसलेला माणूस कप तसाच ठेवून धावत यायचा. वस्तीतले लोक थट्टा करायचे, "याले न्याले यम आला, तं हाच त्याले पुकारून बाहेर उभा ठेवीन."

साक्षीदाराला शपथ द्यायचं कामही बाचंच. बा एकेक शब्द सांगायचा अन् साक्षीदार त्याच्यामागून म्हणायचा. ईश्वराला स्मरून खरं सांगीन म्हणणारा तोच माणूस पुढच्या घटकेला धडधडीत खोटं बोलायला लागला की बा दाराकडं तोंड करून उभा राहायचा. त्या दिवशी घरी त्याला जेवण जात नसे.

"शपथीवर खोटं बोलणाऱ्याचं तोंड मले पाह्यवत नाई," तो म्हणायचा.

"मंग कचेरीत जाता काऊन?" माय म्हणायची. "तिथं तं तेच चालते."

मी वकील व्हायचं हे माझ्याआधी बानं ठरवलं, आणि रस्ताही त्यानंच आखला. त्याच्यासमोर चालणारे निम्मे दावे हिशेबाचे असत. कापसाच्या अडत्याचं अन् शेतकऱ्याचं भांडण, दोन भागीदारांचं भांडण. चोपड्या पुढे आल्या की गरिबाचा वकील बावचळून जायचा. कायदा तोंडपाठ, पण जमा कुठं अन् नावे कुठं, त्याला पत्ता नाही. बानं हे दाराशी उभं राहून वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

"पयले हिसाब शिक, मंग कायदा," तो म्हणाला. "वर्ध्यात बी.कॉम. करजो, मंग नागपूरले वकिली."

म्हणून मी कॉमर्सला गेलो. वर्गात सगळी दुकानदारांची पोरं. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुझं दुकान कुठं? मी म्हटलं, दुकान नाही, मला वकील व्हायचं आहे. वर्ग हसला. हसू दे लेकाच्यांना. माझी सरकारी शिष्यवृत्ती होती, तिच्यावर फी भागत होती, अन् ताळेबंद मला त्यांच्याहून चांगला जमत होता.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला गेलो आणि बौद्ध होऊन आलो. परत आल्यावर बानं घरातले देव फडक्यात बांधले आणि पवनारला जाऊन धाम नदीत सोडले. त्यानंतर दर रविवारी वस्ती चिंचेखाली जमायची. दीक्षेतल्या प्रतिज्ञा सांगायला बाशिवाय दुसरा कोण असणार? तो सांगायचा, सगळे मागून म्हणायचे. खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा आली की त्याचा आवाज आपोआप चढायचा. इतका सुखी मी त्याला ना आधी पाहिला, ना नंतर.

पुढच्या जुलैत कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्कनं मला थांबवलं. बौद्धांना शिष्यवृत्ती नाही, म्हणाला. ती जुन्या जातीला आहे. तोंडातलं पान सांभाळत तो हे सांगत होता, त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. जुन्या जातीचा दाखला आण, सगळं सुरळीत होईल. ती जात मी इथंही लिहिणार नाही. ज्याला कळायची त्याला कळली.

घरी सांगितलं. मी म्हणालो, "राहू द्या. मी हिंगणघाटच्या मिलमध्ये लागतो."

"मिलमदी?" बा म्हणाला. "अन् त्या कोर्टात आपला मानूस कवा उभा राहीन?"

जन्म कोर्टाच्या दाराशी गेलेला माणूस तो. शपथेशिवाय कागदाला किंमत असते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दाखला म्हणजे शपथपत्र, हे त्यानं गृहीत धरलं, आणि बाला माहीत नाही असं कोर्टात काही असेल हे मला वाटलं नाही. मग तो त्याच्याच कोर्टात त्याच्याच साहेबासमोर उभा राहिला. मी व्हरांड्यात होतो. शपथ द्यायला त्या दिवशी दुसरा चपराशी होता. नदीत सोडून आलेल्या ईश्वराला स्मरून बा काहीतरी पुटपुटला.

"जोरात बोल," साहेब म्हणाले. "तुझा आवाज कुठं गेला आज?"

कोर्टातले वकील हसले. मग बानं मान वर केली आणि पुकारायच्या आवाजात सांगितलं, मी हिंदू आहे, माझी जात अमुक. चहाच्या टपरीवरची माणसं वळून पाहू लागली. मला साहेबांचा राग आला, हसणाऱ्यांचा आला, हा नियम करणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त आला. बा बाहेर आला आणि लगेच पुढच्या दाव्याचा पुकारा करू लागला.

त्या रविवारी चिंचेखाली तो पुढं गेला नाही. मागं भिंतीला टेकून बसला. लोकांनी बोलावलं तर म्हणाला, "दुसऱ्यानं सांगा." कुणीतरी सांगितलं. वस्ती मागून म्हणत होती आणि बाचं तोंड मिटलेलं होतं. त्यानंतर ते तिथं कधी उघडलं नाही. वस्तीनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही, कारण पोरासाठी त्यानं हे केलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं एकट्यानं स्वतःला शिक्षा केली होती.

मी बी.कॉम. झालो, नागपूरला कायद्याच्या वर्गात बसलो. तिथं चांद्याकडचा एक मित्र होता, आमच्यातलाच. त्याचाही तसलाच दाखला. बापाला शपथ कुठं घ्यावी लागली, असं मी त्याला विचारलं, तर तो माझ्याकडं पाहतच राहिला. कसली शपथ? तहसीलदारानं सही केली, झालं. मी कचेरीत जाऊन विचारलं, नियम वाचला. आता मला नियम वाचता येत होते. मोठ्या अधिकाऱ्याची सही पुरत होती. आमचा तहसीलदार कोर्टाच्याच आवारात बसायचा, बा त्याला रोज सलाम करायचा.

सुटीत घरी आलो तेव्हा बा चपराशाच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला चिंचेनं घासत होता. मला ते पोटात ठेववेना. सगळं सांगून टाकलं. त्याचा हात थांबला.

"कोणीच मांगतली नोती शपथ?"

"नाही, बा."

त्यानं बिल्ला उजेडात धरून पाहिला.

"मांगतली नसन," तो म्हणाला. "पन म्या तं घेतली ना."

मग तो पुन्हा बिल्ला घासू लागला.