आतोबांची पंगत

आमच्या आतोबांइतका घायकुता माणूस साऱ्या मुलुंडात झाला नाही, पुढे होईल असंही वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. चहाला उकळी फुटायच्या आत त्यांची कपबशी पुढे यायची, पेपरवाल्याला फाटकातच अडवून ते उभ्याउभ्या अग्रलेखापर्यंत पोचायचे, आणि लग्नात पहिल्या मंगलाष्टकालाच सगळ्या अक्षता टाकून मोकळे. जेवणाचं तर बोलायलाच नको. इतरांचा वरणभात कालवून होतोय तोच यांचा ताकभात संपलेला. मग पाटावर चुळबुळ, आणि "उठायचं का?" म्हणत अर्धवट उठलेसुद्धा. वडीलधारा माणूस उठल्यावर बाकीच्यांनी बसून राहायचं कसं? पंगत बिचारी अर्धपोटी हात धुवायची. माझे वडील तर त्यांच्याकडे जेवायला जाताना घरून खाऊन निघत.

नेमका अशा माणसाला घशाचा कॅन्सर झाला. इस्पितळात विजेचे शेक दिले, गाठ विरली, आवाज घोगरा झाला, आणि सुटलो म्हणेपर्यंत अन्ननलिका आतून आवळत गेली. डॉक्टर दर खेपेला थोडी जाड रबरी नळी घालून ती वाट रुंद करत. आतोबांनी पहिल्याच दिवशी फर्मान सोडलं, "सगळ्यात जाड तीच घाला, पुन्हा खेप नको." डॉक्टरांनी हात जोडले. घरी मऊ भाताचा घास, वर पाण्याचा घोट आणि तो खाली उतरेपर्यंत अंगणात एक फेरी, असं त्यांचं जेवण चाले. बघून हसू यायचं आणि हसल्याची लाजही वाटायची.

तशात त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. वरपक्षासमोर घास अडकला तर पोरीच्या लग्नात शोभा होईल, या धास्तीने आतोबा पंगत टाळून कोठीच्या खोलीत येरझारा घालत होते. पण जोगेश्वरीचे व्याही त्यांना शेजारी घेतल्याशिवाय पाटावर बसेनात. शेवटी बसावं लागलं, आणि जिलबीचा तुकडा अडकलाच. आतोबा लालबुंद होऊन धडपडत उठले, तशी मुलुंडची सगळी मंडळी जुन्या सवयीने भरल्या पानांवरून उठून उभी राहिली. वरपक्ष बघतच राहिला. आत्याने पदर तोंडाला लावला. व्याह्यांनी मात्र सगळ्यांना खाली बसायची खूण केली आणि पाण्याचं भांडं आतोबांच्या हाती दिलं.

"जरा फिरून या, व्याही. पान तसंच राहील. सावकाश होऊ द्या, आम्हाला कुठं जायचंय?"

आतोबा मांडवाला फेरी मारून आले आणि पुन्हा पाटावर बसले. त्यांचं पान संपेपर्यंत दोन्हीकडची माणसं हात वाळवत बसून राहिली. मला त्या अनोळखी व्याह्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढे घशातली ती वाट मिटतच गेली. जायची मात्र आतोबांना मुळीच घाई नव्हती. शेवटी शेवटी वाटीभर पेज घेऊन ते सकाळभर ओट्यावर बसून असत, आणि कुणी वाटी उचलायला गेलं, तर हातानेच थांब म्हणत.