अहो, जरा दोर घेता का?

माझ्या मावशीला नवीन काही सुरू करायचा भारी नाद. शेवट करायचा म्हटलं की मात्र तिच्या अंगावर काटा येतो. तिने विणलेल्या स्वेटरला एकच बाही आहे. गाडी शिकायला गेली, पण मागे घ्यायला शिकवायच्या आतच क्लास सोडला, त्यामुळे तिला गाडी फक्त पुढे नेता येते. पडदे शिवणं हा तिचा धंदा, आणि तिच्या स्वतःच्या खिडकीला कित्येक वर्षं अर्धाच पडदा आहे.

तर पन्नाशी उलटलेली ही मावशी एका जुन्या गोदामात पडद्यांची मापं घ्यायला गेली आणि कडा चढायच्या वर्गात नाव नोंदवून आली. गोदामात शिकणाऱ्यांसाठी एक नकली कडा उभा केला होता. म्हणजे उंच भिंत, आणि हातापायांना आधार म्हणून तिच्यावर रंगीत बटाटे चिकटवल्यासारखं काहीतरी. "खालून बघून मान दुखली गं. म्हटलं, वर जाऊनच बघावं," हे तिचं स्पष्टीकरण.

माझी आई हसली. "ताई, या वेळी किती दिवस?" एवढंच म्हणाली. मावशीला ते चांगलंच झोंबलं.

"पार वरपर्यंत जाऊन दाखवते! नाही जमलं, तर यापुढे काही म्हणजे काही नवीन सुरू करणार नाही."

मला धसकाच बसला. काही न करायचं ठरवलं तर मावशी ते नक्की पाळणार. मग आमच्या घरात बोलायला विषय काय उरणार? आणि खरं सांगते, नव्या नादाबद्दल बोलताना ती फार गोड दिसते.

चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर छताच्या आकड्यातून परत खाली यायचा, आणि ते टोक धरायला माणूस हवा होता. काका, म्हणजे मावशीचे यजमान, औषधांच्या दुकानात असतात. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच द्यायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, हा त्यांचा बाणा. शिकवणारी मुलगी त्यांच्यावर खूश झाली. "वरून 'घे' आलं की दोर ओढून घट्ट करायचा. 'दे' आलं की ढिला सोडायचा. काकू, बाकी एक शब्द बोलायचा नाही."

इथेच घोडं अडलं. मावशी लग्नापासून काकांना अहो-जाहो करते. चारचौघांत नवऱ्याला 'घे' म्हणायला तिची जीभ रेटेना. पाय सटकायला लागला तरी बाई म्हणते, "अहो, ऐकलंत का? जमत असेल तर जरा दोर घेता का?" वाक्य संपेपर्यंत ती खालच्या गादीवर येऊन बसलेली.

"'घेता का' हा प्रश्न झाला," काका म्हणाले. "मी उत्तर देणारच होतो."

"काकू, तिथे मान देऊ नका हो, दोर मागा!" मुलगी कळवळून म्हणाली. शेवटी 'घ्या' आणि 'द्या' यावर तडजोड झाली.

मग मावशी हळूहळू वर सरकत गेली. हातांनी लोंबकळायचं नाही, पायांवर उभं राहायचं, हे तिला उमगलं. घट्ट बुटांनी नखं काळीनिळी झाली तरी ती जात राहिली. एका रविवारी तर वरची कड दोन हातांवर आली. आणि तिथे ती थांबली. पाय शिवणयंत्रासारखे थडथडू लागले. तिने दोरावर भार टाकला आणि लटकून राहिली. तिची पाठ बघूनच मी ओळखलं, आता दुसरी बाही राहणार.

"जाऊ द्या हो!" ती वरून ओरडली.

काकांनी 'द्या' ऐकलं आणि हातभर दोर दिला. मावशी हातभर खाली घसरली आणि एका बटाट्याला मिठी मारून थांबली.

"अहो, काय करताय!"

"तू 'द्या' म्हणालीस."

"मी 'जाऊ द्या' म्हणाले!"

"मग जा की! दिलाय ना दोर!"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे घे! घे म्हणते ना, घे!" सगळं गोदाम वळून बघायला लागलं. काका भराभर दोर घेत सुटले आणि ती त्यांचा उद्धार करत वर चढत सुटली. "औषधाच्या बाटल्या देतोयस का? बायको आहे मी! मनातलं म्हणून कधी ओळखायचं नाही, शब्द तेवढे..."

आवाज बंद झाला. मावशीचे दोन्ही हात वरच्या कडेवर होते.

"काय झालं?" काका घाबरून ओरडले. "लागलं का?"

मग अगदी बारीक आवाजात आलं, "पूर्ण झालं."

काका वर बघतच राहिले. गालांवरून पाणी वाहत होतं, पण वर माणूस असताना दोरावरचा हात काढायचा नाही, हा नियम. "माझ्या खिशात रुमाल आहे बघ," ते नाक ओढत मला म्हणाले. मग मीच त्यांचे डोळे पुसले.