कादंबरी दाखवा, मग बोलू

आमच्या लेखक मंडळात पुस्तकं फारशी झाली नाहीत. किस्से मात्र इतके झाले, की छापले असते तर वाचनालयाला नवं कपाट घ्यावं लागलं असतं! पुस्तक बसून लिहावं लागतं, किस्सा आपोआप होतो. चार लेखक एका कॉम्प्युटरभोवती जमले की झालाच म्हणून समजा.

कॉम्प्युटर प्रकाशभाऊंचा. यवतमाळला बसस्टँडच्या मागे त्यांचं डीटीपीचं दुकान होतं. ती कापसाची वाईट वर्षं. रोज बाहेरून कोणी ना कोणी येऊन आमच्या जिल्ह्यावर लिहून जायचं. मग आपणच का मागे राहायचं, म्हणून मंडळातला प्रत्येक जण कापसावर कादंबरी लिहीत होता. कापसाला भाव नव्हता, पण विषय म्हणून जोरदार उठाव होता!

*

एकदा प्रकाशभाऊंनी नागपूरहून सीडी आणली. कादंबरी लिहायचा प्रोग्राम! पात्रांची कार्डं, प्रकरणांची मांडणी, सगळं तयार. फक्त लिहायचं तेवढं बाकी. प्रोग्राम आधी प्रश्न विचारायचा आणि उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडायचाच नाही.

पहिला मान विनायकला मिळाला. विनायक कळंबकडचा. घरची कपाशी, आणि इथे कॉलेजात तासांवर शिकवायचा. स्क्रीनवर प्रश्न आला : तुमच्या नायकाला सगळ्यात जास्त काय हवं आहे?

विनायकनं लगेच टाइप केलं, "मनीषा."

"अबे, नायकाचं इचारून राह्यला तो, तुहं नाही!" प्रकाशभाऊ ओरडले.

"एकच हाय ना भाऊ," विनायक म्हणाला.

*

ही मनीषा म्हणजे दिग्रसच्या राऊत साहेबांची मुलगी, विनायकबरोबर एम.ए. झालेली. दोघांचं पक्कं होतं, अडलं होतं साहेबांपाशी. साहेब सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. त्या वर्षांत 'घरची शेती आहे' म्हटलं की मुलीचे बाप चहा अर्धा टाकून उठायचे. विनायक मागणी घालायला गेला, तेव्हा शेतीचं नाव निघताच साहेबही कप खाली ठेवून उठले. विनायक घाबरला आणि म्हणाला, "शेती वडील पाहतात. मी लेखक हाय."

साहेब पुन्हा बसले. "असं काय? मंग पुस्तक दाखवा. पुस्तक पाह्यलं की बोलू."

शेतीपेक्षा लेखनात जास्त भवितव्य आहे असं मानणारा जिल्ह्यातला हा एकमेव माणूस असावा. पण विनायकचं सगळं आयुष्य आता त्या न लिहिलेल्या कादंबरीवर येऊन टेकलं होतं, आणि आम्हाला, खरं सांगतो, त्याची मजाही वाटत होती आणि काळजीही.

*

मंडळात सर्जनशील सवयींचं खातं देशपांडे काकांकडे. रिटायर झाल्यावर त्यांनी कुठेतरी वाचलं, की सकाळी उठल्याबरोबर कोणाशी एक शब्दही न बोलता मनात येईल ते लिहायचं. पहिल्याच सकाळी गॅसवाला आला. "सिलिंडर उतरवू काय?" काकू अंघोळीला. काकांनी लिहिता लिहिता हात वर करून त्याला गप्प बसायची खूण केली. त्यानं ती 'नको' अशी घेतली आणि सिलिंडर गेलं.

काकू बाहेर आल्या. माळ्यावरची कोळशाची शेगडी काढली, काकांनी लिहिलेली पानं उचलली आणि काडी लावली. चहाचा कप काकांपुढे ठेवून म्हणाल्या, "रोज लिहीत जा. रॉकेल लागत नाही!"

*

काकांनीच विनायकला सांगितलं, की लेखकानं एकट्यानं पायी फिरावं. टोपी, गॉगल आणि हातात कागद लावलेली पाटी, अशा थाटात विनायक आपल्याच गावच्या शिवारात निघाला. बांधावर एक आजीबाई भेटल्या. यानं तोंड उघडायच्या आत त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि सुरू झाल्या. बोंडअळी, भाव, नातवाची फी. मध्ये मध्ये थांबून विचारायच्या, "लिवलं काय, साहेब?"

विनायकच्याही डोळ्यांत पाणी आलं. पुसायला त्यानं गॉगल काढला.

"अबे, तू विन्या होय?" आजीबाईंनी पदर खाली टाकला. "मंग आधी सांगावं ना! मले वाटलं टीव्हीवाला हाय. कायले येवढं रडवलं मले उन्हातान्हात!"

*

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. प्रोग्राममध्ये एकाग्रतेची एक सोय होती. बटण दाबलं की स्क्रीन काळा, आपण लिहिलेलंही आपल्याला दिसत नाही. म्हणजे लेखक मागे वळून खोडत बसत नाही. विनायकनं पंखा बंद केला, दार लोटलं, कानात घरचाच कापूस घातला आणि काळ्या पडद्याकडे पाहत टाइप करू लागला.

प्रकाशभाऊ बाहेरून आले तेव्हा घामानं निथळत त्याचं टायपिंग चालूच होतं. त्यांनी त्याच्या कानातला कापूस ओढून काढला. "काय करून राह्यला बे? लाइट जाऊन घंटा झाला!"

विनायक कीबोर्डवर डोकं टेकून बसला. "माहं सगळ्यात चांगलं प्रकरण होतं भाऊ!"

"असणारच," मागून आलेले देशपांडे काका म्हणाले. "एकही चूक सापडत नाही त्यात!"

शेवटी विनायकनं घरी जाऊन साध्या कागदावर पेननं ते प्रकरण पुन्हा लिहिलं. कादंबरी पूर्ण झाली! मला त्याचा फार अभिमान वाटला. मंडळाला मात्र राग आला. कादंबरी पूर्ण करण्याची आमच्यात पद्धतच नव्हती.

*

राऊत साहेब रविवारी एसटीनं आले. प्रकाशभाऊंनी बांधून ठेवलेली प्रत त्यांनी दुकानातच, एका बैठकीत वाचली. साहेबांनी चष्मा काढला.

"बाकी ठीक हाय. पन यातलं ऑफिस खोटं हाय. ऑफिसात असं नसते. सरका, मी सांगतो." आणि ते कॉम्प्युटरपुढे बसले. प्रोग्रामनं त्यांनाही विचारलं, नायकाला काय हवं? साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग एका बोटानं टाइप केलं, "प्रमोशन."

त्यानंतर ते दर रविवारी यायला लागले. विनायकनं एकदा भीत भीत लग्नाचा विषय काढला.

साहेब स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाले, "आधी माही कादंबरी पुरी होऊ द्या, मंग तारीख काढू!"

*

पुढे दिवाळी गेली, संक्रांत गेली. साहेबांचा नायक बदलीची ऑर्डर घेऊन दिग्रसच्या स्टँडवर उभा होता, तो हलेना. देशपांडे काका धीर द्यायचे, "पात्राला घाई करू नये." विनायक वाळत चालला.

एका रविवारी साहेबांच्या मागोमाग मनीषाच दुकानात आली.

"बाबा, कुठवर आलं?"

"स्टँडवर हाय अजून. पुसदच्या गाडीत बसवू का यवतमाळच्या, तेच समजून नाही राह्यलं."

"उठा," ती म्हणाली. साहेब उठले. ती बसली आणि आमच्या सगळ्यांच्या देखत टाइप केलं : तेवढ्यात यवतमाळची गाडी आली आणि तो चढला. समाप्त.

"भाऊ, काढा प्रिंट," ती प्रकाशभाऊंना म्हणाली. "अन् आता लग्नाच्या पत्रिकेचं पान उघडा."

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं.

"बाबा," मनीषानं मान न वळवता विचारलं, "पत्रिकेत तुमच्या नावापुढं काय टाकू? हेडक्लार्क का लेखक?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आमच्याकडे एकदा पाहिलं.

"लेखक," ते हळूच म्हणाले.