लिंगाचा काळा लेप

लग्न होऊन सोलापुरात, शुक्रवार पेठेत आले तेव्हापासून गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन, त्यावर नजर लावून पूजा केल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेतला नाही. आणि तेच लिंग मला पांढुरके, धुरकट दिसू लागले. मला वाटले, त्याच्यावरचा काळा लेप उडाला. असे झाले की मठात जाऊन नवा चढवून घेतात. मीही घेतला, तरी धुके हटेना. पुन्हा गेले तेव्हा स्वामींनी लिंग माझ्या हातात परत ठेवले. "यव्वा, लेप काळाभोर हाय की. मोतीबिंदू तुझ्या डोळ्यांत हाय." मी रडले. शिवालाच दर्शन द्यायचे नसेल, हा विचार मनातून जाईना.

पण रडत बसणे माझ्या स्वभावात नाही. सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत एक वैदू बसे. सुईने मोतीबिंदू मागे ढकलून तो जागच्या जागी दृष्टी देतो म्हणत. आमच्या मालकांना ते पसंत नव्हते, म्हणून ते कापूर आणायला वळताच मी त्याच्यापुढे जाऊन बसले. त्याने माझी हनुवटी धरली, तोच कुणा बाईने माझे मनगट पकडले. हात खरखरीत, अंगाला घोंगड्याचा वास. "उटा बाई हितनं. माजा डोळा असाच सुईनं गेला. चार दिस लई झ्याक दिसलं, मग आतनं पिकला. दवाखान्यात जावा." मी उठेपर्यंत तिने हात सोडला नाही. मालक आले तेव्हा ती गर्दीत मिसळून गेली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले, की डोळ्यातले भिंग गढूळ झाले आहे, ते अंजनाने निवळत नाही, काढावेच लागते, आणि मग जाड चष्मा लागतो. "नंतर जखम जुळेपर्यंत उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही. हलवली तर डोळा जाईल. जमेल?" मी जमेल म्हणाले. ऑपरेशनच्या आधी पाटल्या काढून दिल्या, गळ्यातले लिंग काढायला मात्र साफ नकार दिला. डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही.

खरा कस पुढे लागला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. अंघोळ नाही, पूजा नाही, मग दूध कसे घ्यावे? मालक चमचा धरून बसलेले आणि माझे ओठ घट्ट मिटलेले. छातीवरचे लिंग मात्र श्वासाबरोबर वरखाली होत होते. मनात म्हटले, शिवा, इतकी वर्षे मी तुझ्याकडे बघत आले, आता तू माझ्याकडे बघ. आणि तोंड उघडले. त्यानंतर खोकल्याची उबळ गिळली, पाठीला रग लागली ती सोसली, पण मान हलू दिली नाही. हट्ट माझा होता, पण बळ त्याने दिले.

चष्मा आला आणि तळहातावर लिंग पाहिले. काळेभोर, तुकतुकीत, त्यात समईची ज्योत. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मालकांनाच भूक लागली तेव्हा उठले.

पुढच्या जत्रेत मी त्या बाईला शोधत होते. मालक म्हणाले, "वळकशील कशी? तोंड कुटं बघितलंस?" खरेच होते. म्हणून आता घोंगडे पांघरलेली कुणीही बाई दिसली की मी हात जोडते. बाया संकोचतात. एखादी विचारते, "वळकता व्हय मला?" मी म्हणते, "वळकते की."