भैरोबाच्या दिव्याचं तेल

डिसेंबर एकाहत्तर. आमची कंपनी पश्चिम सीमेवर, वाळूत. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन खंदकात सज्ज राहायचं, मग हत्यारांची सफाई, चहा, खंदकाची डागडुजी. लोकांना वाटतं लढाई म्हणजे सारखा गोळीबार. नाय. जास्त करून वाट बघणंच असतं.

माझा जोडीदार नाईक दगडू, करमाडजवळच्या माझ्याच गावचा. टेलिफोनची लाइन अंथरायची आणि तुटली की जोडायची, हे त्याचं काम. तोंडाचा पट्टा मात्र कायम चालू. सरकार फौजींना जमीन देतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. विहीर कुठं, गोठा कुठं, सगळं मला रोज ऐकवायचा. मी वैतागायचो. म्हणायचो, आधी जिता घरी चल. त्याच्या बोलण्याचा शेवट ठरलेला असायचा, "जमीन मिळाली की भैरोबाच्या दिव्याला वर्षाचं तेल माझं."

त्या दुपारी आमच्या पुढच्या प्लाटूनवर तोफगोळे पडायला लागले. आपल्या तोफांना ठिकाण सांगायचं, तर लाइन डेड. वायरलेसही बंद.

कंपनी कमांडर म्हणाले, "दगडू, लाइन."

"जातो, साहेब."

सरपटत गेला. थोड्या वेळानं फोन वाजला. मी उचलला.

"आवाज येतोय?"

"येतोय. माघारी ये."

"आलोच."

पुढचा गोळा तिथंच पडला. आपल्या तोफा सुरू झाल्या, प्लाटून वाचली. दगडूला आम्ही अंधार पडल्यावर आणलं.

लढाईनंतर त्याच्या बायकोला, अनसूयावहिनीला, सरकारनं जमीन दिली. मी सुट्टीवर होतो, ताबा घ्यायला सोबत गेलो. शेत बघितलं आणि लगेच ओळखलं. ते भैरोबाचं शेत होतं. निजामाच्या काळापासून गुरवांकडं इनाम. त्यांनी शेत कसायचं, पूजा करायची, दिवा तेवता ठेवायचा. पोलीस ॲक्शननंतर इनाम सरकारजमा झालं, तरी गुरवमामा कसत राहिले. कुणी हटकलं नव्हतं. त्या दिवशी ते भांडले नाहीत. बैल सोडले आणि घरी गेले.

वहिनींना नवऱ्याचा शब्द ठाऊक होता. पहिल्या पिकाच्या करडईचं तेल घेऊन त्या देवळात गेल्या. मीही बरोबर होतो.

गुरवमामा म्हणाले, "माझं शेत घेऊन मला तेल देती व्हय?"

"ते बोलले होते, मामा. देवाला."

"मग देवालाच ने तुझ्या शेतात."

वहिनींनी डबा पायरीवर ठेवला. मला लई राग आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना.

शेत गेल्यावर मामांचं पोट चालेना. ते शहरात गेले, उस्मानपुऱ्यात एका बंगल्यावर वॉचमन झाले. पूजा थांबली, दिवा विझला. देवाचं शेत म्हणून गावातलं कुणी वहिनींकडं कामाला जाईना. त्यांनी एकटीनं काही वर्षं रेटलं, मग शेत पडीक पडलं. आता दोघंही नाहीत. शेतात बाभळी माजल्यात.

मी रिटायर होऊन गावी आलो. दगडू गेला त्या तारखेला दरवर्षी देवळात जातो. गाभाऱ्याला कुलूप असतं. बाहेरूनच सॅल्यूट करतो आणि सांगतो, "दगडू, जमीन मिळाली."

दिव्याचं सांगत नाय.